सुट्टी ठरवायची कोणी?

अमेरिकन माणूस घाण्याला जुंपलेला आणि युरोपियन माणूस निवांत, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. आकडेही वरकरणी तेच सांगतात. अमेरिकेत नोकरी करणारा माणूस वर्षाला सरासरी 1,800 तासांच्या आसपास काम करतो, तर जर्मनीत हाच आकडा 1,350 च्या आसपास आहे. पण 1970 च्या सुमारास जर्मन आणि फ्रेंच कामगार अमेरिकनांइतकेच, किंबहुना थोडे जास्तच तास राबत होते. स्वभावाला औषध नाही म्हणतात. मग पन्नास वर्षांत दोन खंडांचे स्वभाव पालटले कसे? पालटले ते नियम. रोजच्या जगण्यातल्या गोष्टी युरोपने बव्हंशी कायद्याने आणि कामगार संघटनांच्या करारांनी सर्वांसाठी आधीच ठरवून टाकल्या. अमेरिकेने त्या ज्याच्या त्याच्यावर सोडल्या. दोन्हीकडच्या राहणीतला फरक मुख्यतः इथून येतो.

सुट्टीचेच पाहा. फ्रान्समध्ये 1936 साली संपांच्या लाटेनंतर कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ती वाढत 1982 साली पाच आठवड्यांवर गेली. 1993 च्या निर्देशाने युरोपीय संघाने किमान चार आठवडे हा सगळ्या सदस्य देशांसाठी दंडक केला. अमेरिकेचा 1938 चा श्रम कायदा किमान वेतन आणि जादा कामाचा दीडपट मोबदला यांची हमी देतो, पगारी रजेबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. तिथे रजा ही मालक आणि नोकर यांच्यातली बोली. मोठ्या कंपनीतल्या इंजिनिअरला ती बऱ्यापैकी मिळते, हॉटेलात भांडी घासणाऱ्याला अनेकदा एक दिवसही नाही.

हॉटेलचे बिल हा याच गोष्टीचा छोटा नमुना. अमेरिकेत बिलाच्या तळाशी टिपसाठी एक ओळ कोरी असते आणि तिच्याखाली एकूण रकमेची दुसरी. टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने द्यायचे केंद्रीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवरच अडले आहे. काही राज्यांनी ते वाढवले, पण जिथे वाढवले नाही तिथे वेटरची कमाई मुख्यतः गिऱ्हाइकाच्या मर्जीवर चालते. फ्रान्समध्ये सेवेचा आकार मेन्यूकार्डावरच्या किमतीतच धरलेला असतो. वर चार नाणी ठेवली तर ती खुशी.

यावर पहिला आक्षेप असा, की युरोप म्हणजे काही एक देश नव्हे. खरेच आहे, ग्रीसमधला माणूस अमेरिकनापेक्षा जास्त तास काम करतो. पण किमान रजेचा कायदा त्यालाही लागू आहेच. दुसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड प्रेस्कॉट यांचा. 2004 साली त्यांनी मांडले, की युरोपातले कर जबर असल्याने जादा काम करणे तिथे परवडत नाही. करांचा वाटा नाकारता येणार नाही, पण कर हादेखील सामूहिक निर्णयच आहे, स्वभाव नव्हे. शिवाय सुट्टीची गोडी इतरांनाही त्याच वेळी सुट्टी असली तरच वाढते, आणि हे एकट्या माणसाला जमवता येत नाही. पॅरिसमध्ये सगळे बेकरीवाले एकदम रजेवर जाऊन शहर पावाविना राहू नये म्हणून निम्म्यांनी जुलैत आणि निम्म्यांनी ऑगस्टमध्ये दुकान बंद ठेवायचे, असा नियम 2015 पर्यंत होता. जर्मनीत रविवारची विश्रांती 1919 च्या राज्यघटनेत आली आणि आजच्या घटनेतही कायम आहे. अमेरिकेतही नियम असला की तेच घडते. न्यूयॉर्कच्या पलीकडच्या तीरावरच्या बर्गन काउंटीत रविवारी कपड्यांची आणि फर्निचरची दुकाने आजही कायद्याने बंद असतात.

या व्यवस्थेची किंमत युरोप मोजतो, हेही मान्य करायला हवे. माणशी उत्पन्नात अमेरिका बहुतेक युरोपीय देशांच्या पुढे आहे. ज्याला झपाट्याने कमवायचे आहे, धंदा रविवारीही उघडा ठेवायचा आहे, त्याला युरोपचे नियम जाचतात. पण मोकळीक मिळाली म्हणून प्रत्येकाला निवड मिळतेच असे नाही. ज्याच्या कौशल्याला बाजारात मागणी आहे तो अमेरिकेत आपल्या अटी मान्य करून घेतो. बाकीच्यांना मिळेल ते पदरात पाडून घ्यावे लागते. पुण्या-मुंबईहून न्यू जर्सीला किंवा म्युनिकला नोकरीसाठी निघणाऱ्यांनी म्हणूनच पगाराच्या आकड्यावर थांबू नये. रजा, आजारपण, नोकरी सुटल्यावरचे संरक्षण यांतले काय कायद्याने मिळणार आणि काय स्वतः मागून घ्यावे लागणार, हे सही करण्यापूर्वी विचारावे.