रानातली शीळ, मेणावरची रेघ: जी. एन. जोशी यांच्या कारकिर्दीचा मागोवा

गोविंद नारायण जोशी हे गायक, चाली बांधणारे संगीतकार आणि पुढे हिज मास्टर्स व्हॉइस, म्हणजेच एच.एम.व्ही. या कंपनीचे ध्वनिमुद्रण अधिकारी. रसिकांना ते जी. एन. जोशी या नावानेच माहीत आहेत. त्यांचा जन्म 1909 मध्ये वऱ्हाडातल्या खामगावचा. कापसाचा मोठा बाजार असलेले हे गाव. त्यांनी वकिलीचे शिक्षण घेतले. नाव मात्र झाले ते गाण्यात.

त्याच साली बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा येथे नारायण घनश्याम देशपांडे जन्मले. ना. घ. देशपांडे यांनी पुढे मेहकरला वकिली केली आणि तिथेच राहून कविता लिहिली. या दोन समवयस्क वऱ्हाडी माणसांची गाठ ‘शीळ’ या एका कवितेने घालून दिली. शेताशिवारात घुमलेली शीळ, ती ऐकून जिवाची उलघाल झालेली गावाकडची तरुणी आणि मैत्रिणीपाशी तिने मोकळे केलेले मन, एवढाच तिचा ऐवज. जोशींनी तिला साधी, लांबवर जाणारी चाल लावली. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याच आवाजात तिची तबकडी निघाली.

वऱ्हाडाच्या माणसाला ही कविता समजावून सांगावी लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे हिवरखेड असो की पैनगंगेच्या काठचे मेहकर, वावरात माणसे एकमेकांपासून लांब असतात आणि धुऱ्यावरून मारलेली हाकसुद्धा वाऱ्यावर विरून जाते. शीळ मात्र पोचते. रात्री जागलीला गेलेला गडी दुसऱ्या वावरातल्या सोबत्याला शीळ घालूनच आपण जागे असल्याचे कळवतो. देशपांड्यांनी रोजच्या वापरातली ही खूण प्रेमाच्या कामी लावली. जोशींनी तिला नाट्यपदाच्या ताना चढवल्या नाहीत, हा त्यांचा खरा समंजसपणा. शब्द स्पष्ट, वाद्ये मोजकी आणि ओळीच्या शेवटी सूर थोडा रेंगाळणारा, असे ते गाणे आहे.

मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रणाची गणती पुष्कळ जाणकार या तबकडीपासून करतात. त्याआधी तबकड्यांवर मुख्यतः नाटकातली पदे, ख्याल आणि ठुमऱ्या असत. छापील कवितेतली भावना आणि तिचा शब्द जपत ती गाण्याची वाट इथून रुळली. जोशींनी देशपांड्यांची ‘नदीकिनारी’ ही कविताही गायली. त्याच दशकात त्यांनी गंगूबाई हनगल यांच्याबरोबर युगुलगीते म्हटली. त्या काळी गंगूबाईंचे नाव तबकडीवर ‘गांधारी हनगल’ असे छापले जाई. पुढे ख्यालासाठी देशभर गाजलेला हा आवाज इथे भावगीताच्या हलक्या वळणांत ऐकायला मिळतो.

1938 मध्ये जोशी एच.एम.व्ही.त नोकरीला लागले आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काचेच्या आतला गायक काचेच्या बाहेर आला. कलावंत निवडणे, त्याला राजी करणे, काय गायचे ते ठरवणे आणि ते वेळेत बसवणे अशी सगळी जबाबदारी या पदावर असे. दहा इंची, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मिळत. टेप येण्याआधी आवाज थेट मेणाच्या जाड चकतीवर कोरला जाई. शेवटच्या ओळीत ठसका लागला, की ती चकती वाया जाऊन सगळे पहिल्यापासून गावे लागे. वाद्यांचा तोल साधायचा तो माणसे हलवून: गायक मायक्रोफोनजवळ, सारंगी थोडी बाजूला, तबला मागे. जोशी स्वतः गात असल्यामुळे गायकाचा श्वास कुठे तुटेल, हे त्यांना आधीच कळे. कारकुनी वृत्तीच्या अधिकाऱ्याला हे जमले नसते.

एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आल्यावर एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक अवकाश मिळू लागला. अतिविलंबित ख्याल गाणाऱ्या उस्ताद अमीर खाँ यांच्यासारख्या गवयाला सव्वातीन मिनिटांत राग मांडायला सांगणे म्हणजे त्याच्या गाण्याला नख लावणेच होते. त्यांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी 1960 मध्ये निघाली. आजही मारवा शिकणारे विद्यार्थी तिच्याकडे वळतात.

जोशींच्या निर्मितीत सर्वांत दूर पोचली ती 1967ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. तोवर संतूर आणि गिटार या दोन्ही वाद्यांना शास्त्रीय मैफलीत पुरते स्थान मिळालेले नव्हते. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांतून सांगायचा, अशी तिची कल्पना. पहाटेला अहिर भैरव, त्यानंतर नटभैरव, पुढे पिलू, भूप आणि देस करत पहाडीवर दिवस संपतो. परदेशातल्या कितीतरी श्रोत्यांची हिंदुस्थानी संगीताशी पहिली ओळख याच तबकडीने झाली. पस्तीसेक वर्षे आधी वऱ्हाडच्या शिवारात घुमलेल्या शिळेची आणि या मेंढपाळाच्या बासरीची जात एकच: उघड्या रानातून दुसऱ्या माणसापर्यंत पोचणारा सूर.

देशपांडे मेहकरलाच राहिले. ‘शीळ’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह 1954 मध्ये, म्हणजे गाणे घरोघर पोचून वीसेक वर्षे झाल्यावर प्रसिद्ध झाला. ‘खूणगाठी’ या कवितासंग्रहासाठी त्यांना 1986चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि 2000 मध्ये ते गेले. जोशींनी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भेटलेल्या कलावंतांच्या आठवणी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात मांडल्या. त्यांचे इंग्रजी पुस्तक ‘डाउन मेलडी लेन’ 1984 मध्ये आले. 1994 मध्ये त्यांचे निधन झाले.