ताटातले मांस आणि माणसाची पायरी

मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे, पूर्णगडच्या किल्ल्याखाली, गेल्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. ओहोटी होती. बायका खडकांवरची कालवे काढत होत्या. घाटावरच्या एका विद्यार्थ्याने नाक मुरडले, "सर, हे असले बुळबुळीत कसे खातात?" कोकणातली मुले त्याला हसली. त्या हशात एक कातकरी मुलगा सहज बोलून गेला, "आमच्याकडं शेतातले उंदीर खातात." हशा एकदम थांबला. शेजारची दोन मुले किंचित सरकून बसली. माझ्याही चेहऱ्यावर किळस उमटली असावी, कारण माझ्याकडे पाहून त्याने मान खाली घातली.

मी, ज्याच्या पणजीने मराठवाड्यात मेलेल्या जनावराच्या मांसाच्या चान्या वाळवून पोरे जगवली, तो मी!

या प्रसंगात दोन किळसी आहेत आणि त्यांतला फरक समजून घेतला पाहिजे. कालवांची किळस सवयीची होती. तिच्यातून थट्टा झाली आणि विषय संपला. उंदरांची किळस मात्र माणसापर्यंत पोहोचली. तिच्यातून अंतर पडले. असे का व्हावे? फ्रान्समध्ये गोगलगाय खातात, ती उंची मेजवानी ठरते. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत हीच कालवे बर्फावर मांडून महागड्या दराने विकतात. तिथे खाणारा 'रसिक' असतो. भातखाचरातला, भातावर पोसलेला उंदीर खाणारा मात्र 'जंगली' ठरतो. म्हणजे मांस 'विचित्र' आहे की नाही, हे मांसावरून ठरत नाही. खाणाऱ्याच्या पायरीवरून ठरते.

याचा पुरावा आपल्याच धर्मशास्त्रात आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पाच नखांच्या प्राण्यांपैकी साळिंदर, घोरपड, गेंडा, कासव, ससा हे भक्ष्य सांगितले आहेत. आज ज्या घोरपडीच्या नावाने पांढरपेशा माणूस नाक दाबतो, ती मनूला चालत होती! दहावा अध्याय तर याहून बोलका आहे. भुकेने व्याकूळ झालेला वामदेव कुत्र्याचे मांस खाऊ इच्छितो, विश्वामित्र चांडाळाच्या हातून कुत्र्याची तंगडी घेतो, तरी दोघांना पापाचा लेप लागत नाही. त्याच अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी मात्र गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यात जेवावे, असा दंडक आहे. श्वपच म्हणजे कुत्रा शिजवणारा. मांस तेच, भूकही तीच. ऋषीसाठी तो आपद्धर्म आणि चांडाळासाठी जन्माचा कलंक.

ही कसोटी ग्रंथापुरती राहिली नाही. 1911 च्या जनगणनेत अस्पृश्यांना वेगळे ओळखण्यासाठी ज्या कसोट्या लावल्या गेल्या, त्यांत गोमांस खाणे ही एक होती. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याच माहितीचा आधार घेतला आणि एकेकाळी ब्राह्मणही गोमांस खात असत, हे ग्रंथाधारे दाखवले.

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो. मग मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा असे का सांगितले? त्यांनी सवर्णांची किळस मान्य केली होती काय? मुळीच नाही. मेलेले ढोर ओढणे ही महाराच्या गळ्यात बांधलेली गावकी होती आणि ते मांस त्या वेठीचा मोबदला. तो घास सोडणे म्हणजे ती वेठ नाकारणे. 2016 साली गुजरातेत उना येथे मेलेल्या गायीचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना अमानुष मारहाण झाली, तेव्हा तिथल्या दलितांनी मेलेली ढोरे सरकारी कचेरीपुढे नेऊन टाकली. त्यामागेही हाच विचार होता. लादलेले नाकारणे वेगळे आणि आवडीचे अन्न दुसऱ्याच्या धाकाने सोडणे वेगळे. महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीचा 1976 चा कायदा 2015 मध्ये बैल आणि वळू यांनाही लागू झाला. तेव्हा गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गेले, ते दुसऱ्या प्रकारात मोडते.

मग वर्ज्य काहीच नाही काय? आहे. पूर्णगडच्या खाडीपलीकडे गावखडीच्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालायला येतात. कोकण किनाऱ्यावर ही अंडी पूर्वी सर्रास खाल्ली जात. आज गावकरीच ती राखतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासव आणि घोरपड दोन्ही मारण्यास बंदी आहे. प्राणी नामशेष होऊ नये, हे कारण विवेकाचे आहे. रोगाची भीती हेही कारण विवेकाचेच. त्यांची तपासणी करता येते, त्यावर वाद घालता येतो. विटाळावर वाद घालता येत नाही, म्हणून तो नाकारायचा.

आणि तो दुसऱ्याचाच नव्हे, आपलाही नाकारायचा. आपण मृत मांस सोडले, शिकलो, नोकरीला लागलो. पण नाक मुरडण्याची वरच्यांची सवय आपणही उचलली नाही ना? ज्यांनी ही पायरी सोसली, त्यांनीच खालच्या पायरीवर कातकऱ्याला उभे करायचे, तर आपण नेमके काय मोडले?

पूर्णगडहून परतल्यावर पुढच्याच तासाला मी मनुस्मृतीचा दहावा अध्याय शिकवला. नंतर पणजीच्या चान्यांची गोष्ट सांगितली. कॉलेजात मी ती कधीच सांगितली नव्हती. तो मुलगा शेवटच्या बाकावर होता. तास संपल्यावर तो पुढे आला आणि त्याने विचारले, "सर, चान्यांना मीठ लावून वाळवत होते का?"