घर-जमिनीच्या खरेदीविक्रीसाठीं वकिलाची निवड

बैल घ्यावयाचा झाला म्हणजे आपला शेतकरी त्याचे दांत पाहतो, खांदा चाचपतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि मगच रुमालाखालीं बोटें धरून सौदा ठरवितो. परंतु तोच शेतकरी मुलांच्या शिक्षणासाठीं तालुक्याच्या गांवीं घर घेतांना, किंवा बांधालगतची दोन एकर जमीन घेतांना, सात-बाराच्या एका उताऱ्यावर आणि मध्यस्थाच्या शब्दावर विसंबून आयुष्याची कमाई मोजून देतो. बैल खोडीचा निघाला तर एका हंगामाचें नुकसान होतें. मालकींत खोट निघाली तर दोन पिढ्यांस कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून अशा व्यवहारांत वकील कां घ्यावा, तो स्थानिक कां असावा, आणि तो कसा पारखावा, याचा विचार येथें करावयाचा आहे.

उताऱ्याची मर्यादा.— प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सात-बारा हा गांव नमुना सात व गांव नमुना बारा मिळून झालेला महसुली उतारा आहे. तो मालकीपत्र नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १५७ प्रमाणें त्यांतील नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानतात, हें खरें. परंतु फेरफाराच्या नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें अनेक निकालांत सांगितलें आहे. गांवठाणांतील घराची गोष्टहि तीच. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे. स्वामित्व योजनेखालीं २०२० सालापासून गांवठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळूं लागल्या आहेत व त्यांनीं पुष्कळ सोय झाली आहे. तथापि त्या घरांत भावाबहिणींचा हिस्सा आहे कीं नाहीं, या वादाचा निर्णय पत्रिका करीत नाहीं.

नोंदणीविषयींहि असाच समज आढळतो. १०० रुपये व त्यावरील किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या खरेदीखतानेंच होते, असें मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, याचें कलम ५४ सांगतें. परंतु दस्त नोंदला गेला म्हणजे विकणाराचा हक्क निर्दोष ठरला, असें नव्हे. दस्त रीतसर आहे कीं नाहीं, सही करणारा तोच इसम आहे कीं नाहीं, मुद्रांक पुरा आहे कीं नाहीं, हें दुय्यम निबंधक पाहतो. मालकीची हमी तो देत नाहीं. ज्याच्याजवळ चार आणे हक्क आहे, त्यानें सोळा आणे विकल्याचा दस्त नोंदविला, तरी घेणाराच्या पदरांत चार आणेच पडतात.

वकिलाचें खरें काम.— पुष्कळांस वाटतें कीं, वकिलाचें काम म्हणजे खरेदीखत लिहिणें. तें काम शेवटचें होय. खरें काम इसार देण्यापूर्वींचें आहे, आणि तें तीन प्रकारचें आहे. पहिलें, नोंदणी कचेरींतील सूची क्रमांक दोन पाहून निदान मागील ३० वर्षांचा शोध घेणें. ही मुदत कोणी सहज ठरविलेली नाहीं. मुदतीचा कायदा, १९६३, याप्रमाणें गहाण सोडविण्याचा हक्क उत्पन्न झाल्यापासून ३० वर्षेंपर्यंत दावा करितां येतो. म्हणून तितकें मागें गेल्याशिवाय जुनें गहाण जिवंत आहे कीं मेलें आहे, हें कळत नाहीं. दुसरें, उताऱ्यावर ज्या ज्या फेरफारांचे क्रमांक आहेत, ते सर्व फेरफार काढून वाचणें. विकणाराच्या आजोबांकडे जमीन खरेदीनें आली, वाटपानें आली, कुळाच्या हक्कानें आली, कीं मुदतखरेदीनें आली, हें तेथेंच उघड होतें. तिसरें, कब्जा कोणाचा, वाट कोठून, चतुःसीमा कागदाशीं जुळतात कीं नाहीं, याची पक्षकाराकडून जागेवर खात्री करून घेणें, आणि वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देऊन हरकती मागविणें.

या तपासांत ज्या खोटी वारंवार निघतात, त्या जमीनधारकांनीं स्वतःहि ओळखाव्या. नांवापुढें ‘ए. कु. मॅ.’ अशीं अक्षरें असलीं, तर तो इसम एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे. जमीन त्याच्या एकट्याची नव्हे. बहिणींची बाब याहून नाजूक आहे. हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं दुरुस्ती होऊन मुलगी ही मुलाप्रमाणेंच जन्मानें वडिलोपार्जित मिळकतीची हिस्सेदार झाली. आणि त्यासाठीं ९ सप्टेंबर २००५ रोजीं तिचा बाप हयात असण्याची जरुरी नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वीं झालेलीं रीतसर वाटपें व विक्री यांस मात्र या दुरुस्तीनें बाध येत नाहीं. तेव्हां सासरीं गेलेल्या बहिणीचें नांव उताऱ्यावर नाहीं, एवढ्यावरून तिचा हक्क गेला असें कोणीं समजूं नये. तिनें हक्क सोडला असेल, तर नोंदलेलें हक्कसोडपत्र डोळ्यांनीं पाहावें. नाहीं तर तिला खरेदीखतांत सामील करून घ्यावें.

वारसांपैकीं कोणी अज्ञान असेल, तर १९५६ च्या कायद्याप्रमाणें नैसर्गिक पालकासहि न्यायालयाच्या परवानगीवांचून त्याचा हिस्सा विकतां येत नाहीं. इतर हक्कांच्या रकान्यांत सोसायटीचा इकरार असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, याच्या कलम ४८ प्रमाणें कर्ज फिटण्यापूर्वीं केलेली विक्री निरर्थक ठरूं शकते. भोगवटादार वर्ग दोन असें लिहिलें असेल, तर सरकारी परवानगीचा किंवा नजराण्याचा प्रश्न आहे, असें समजून पुढें पाऊल टाकूं नये. आणि नुसतें मुखत्यारपत्र व साठेखत करून ‘विक्री झाली’ असें कोणी सांगेल, तर तशा कागदांनीं मालकी जात नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालींच स्पष्ट केलें आहे.

वकील स्थानिक कां असावा.— मुंबईस सॉलिसिटरांच्या जुन्या पेढ्या आहेत व त्यांचें काम मोठ्या व्यवहारांत उत्तम असतें. परंतु आपल्या जमिनीची गोष्ट निराळी आहे. कायदाच सर्वत्र एक नाहीं. पश्चिम महाराष्ट्र व कोंकण यांस १९४८ चा कूळकायदा लागू आहे, मराठवाड्यास हैदराबादचा १९५० चा आणि विदर्भास १९५८ चा. शेतकरी नसलेल्या इसमास शेतजमीन विकण्यावर या कायद्यांचें नियंत्रण आहे. त्याचे अपवाद व परवानगीच्या रीती त्या त्या तालुक्यांत नित्य काम करणाराच नीट जाणतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यांतहि वेळोवेळीं फरक झाले आहेत. लहान तुकडा घेणारानें त्याची आजची स्थिति विचारल्यावांचून राहूं नये.

शिवाय प्रत्येक गांवाचा कागदी इतिहास वेगळा असतो. गटवारी झालेल्या गांवांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर कोणत्या गटांत गेला हें जुळविल्याशिवाय शोध पुरा होत नाहीं. कोठें वतन व इनामाच्या जमिनी आहेत, तर कोंकणांत एका ठिकाणावर अनेक सामायिक हिस्सेदार असून निम्मे मुंबईस राहतात. अमक्या घराण्यांत वाटणीचा दावा चालू आहे, अमक्यास दुसऱ्या घरची मुलें आहेत, ही माहिती स्थानिक वकिलास कचेरींत जातां येतां मिळते. परगांवच्या वकिलास ती महिन्यांनीं मिळेल.

मात्र हाच गुण दोषहि होऊं शकतो. लहान गांवांत सर्वांची सर्वांशीं ओळख असते. जो विकणाराचा सोयरा, मध्यस्थाच्या बैठकींतला, किंवा प्लॉट पाडणाराचा नेहमींचा वकील, तो स्वभावानें सज्जन असला तरी आपल्या कामाचा नव्हे. ‘दोघांत मिळून एकच वकील करूं, खर्च वांचेल’ असें सुचविलें जातें, तेंहि मान्य करूं नये. घेणाराचें हित खोट शोधण्यांत आणि देणाराचें हित सौदा लवकर पुरा होण्यांत. हीं दोन हितें एका इसमास सांभाळतां येत नाहींत. पंचक्रोशींत नि:पक्ष वकील न मिळाल्यास शेजारच्या तालुक्याचा घ्यावा.

पारख कशी करावी.— पहिली गोष्ट, तो सनदी वकील आहे ना, हें पाहावें. दस्त लिहून देणारा लेखनिक कितीहि अनुभवी असला, तरी मालकीविषयीं अभिप्राय देण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. सनदेची खात्री महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे करितां येते. दुसरी गोष्ट, तो दिवाणी व महसुली कामें करणारा असावा. फौजदारीत नांव गाजलेला वकील फेरफार वाचण्यांत कुशल असेलच असें नाहीं. ज्यांनीं गेल्या दोनचार वर्षांत जमीन घेतली, अशा दोघांतिघांस विचारावें. विचारतांना ‘काम झालें काय’ एवढेंच विचारूं नये. ‘त्यांनीं तुम्हांस कोणती अडचण आधीं दाखविली’ असें विचारावें.

तिसरी गोष्ट, शोधाचा अहवाल लेखी मागावा. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत सूची पाहिली, कोणते फेरफार वाचले, काय आढळलें व मत काय, हें त्यांत सहीनिशीं असावें. ‘सर्व ठीक आहे, निश्चिंत राहा’ हें तोंडी उत्तर अहवाल नव्हे. चौथी गोष्ट फीची. फी आधीं ठरवून लिहून घ्यावी. वकिलाची फी, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, शोधाचा व सूचनेचा खर्च, हे आंकडे निरनिराळे असावे, आणि सरकारांत भरलेल्या रकमेचें चलन व पावती आपल्यापाशीं यावी. विशेष हें कीं, शोधाची फी सौदा मोडला तरी देण्याचें कबूल करावें. ज्याची फी सौदा पुरा होण्यावर अवलंबून आहे, त्याच्या तोंडून ‘ही जमीन घेऊं नका’ हे शब्द निघणें कठिण. चांगल्या वकिलाची खरी खूण हीच कीं, तो वेळीं ‘नको’ म्हणतो. आणि त्या एका शब्दासाठीं दिलेली फी सर्वांत स्वस्त पडते.

विकणारानें काय पाहावें.— विकणारास वकील कशाला, असें वाटणें साहजिक आहे. परंतु धोका त्यासहि आहे. खरेदीखत नोंदलें गेलें म्हणजे किंमतीचा भाग येणें असला तरी मालकी जाते. २०२० सालीं गुजराथेंतील एका शेतजमिनीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, किंमत पुरी मिळाली नाहीं, एवढ्या कारणावरून नोंदलेली विक्री रद्द होत नाहीं. विकणारानें बाकीच्या रकमेसाठीं दावा लावावा. म्हणून पुढील तारखेच्या धनादेशांवर विसंबून सही करूं नये. रक्कम बँकेंतून खात्यावर जमा झाल्याची खात्री व्हावी, आणि तोपर्यंत कब्जा सोडूं नये. आयकर कायद्यानेंहि स्थावराच्या व्यवहारांत २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोखीनें घेण्यास मनाई केली आहे. तसेंच आपल्यास ठाऊक असलेली हक्कांतील खोट लपवूं नये. ती उघड करणें हें विकणाराचें कर्तव्य म्हणून १८८२ च्या कायद्यानेंच घालून दिलें आहे.

शेवटीं.— स्त्रिया, तसेंच अनुसूचित जातीजमातींचे लोक यांस विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, याप्रमाणें विनामूल्य सल्ला मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठीं तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज करावा. वकिलानें विश्वासघात केल्यास १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखालीं वकील परिषदेकडे तक्रार करितां येते. परंतु तक्रारीनें गेलेली जमीन परत येत नाहीं. यास्तव क्रम कधींहि उलटूं देऊं नये : आधीं शोध, मग लेखी अभिप्राय, मग इसार, मग खरेदीखत. नोंदणी झाल्यावर ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वींचा तलाठी, याच्याकडील फेरफार मंजूर होऊन आपलें नांव लागेपर्यंत पाठपुरावा करावा. आणि मूळ खरेदीखत, अहवाल व पावत्या एका ठिकाणीं बांधून घरांतील सर्व जाणत्या माणसांस ती जागा सांगून ठेवावी. आपल्या पश्चात् ते कागद मुलाबाळांच्या उपयोगीं पडावयाचे आहेत.