विरोधकाच्या नावाची मंडई

पुण्यात पाहुणा आला की त्याला कुठं न्यायचं, हा प्रश्न मला पडत नाही. शनिवारवाडा तो आपला आपण बघून येतो. मी त्याला महात्मा फुले मंडईत नेतो, आणि तेही सकाळी, भाजीवर मारलेलं पाणी सुकायच्या आत. दगडी अष्टकोन, मधोमध मनोरा, आठ दिशांना पसरलेल्या पाखी. आतले विक्रेते उंच ओट्यांवर बसतात आणि गिऱ्हाईक खाली उभं राहून मान वर करून भाव विचारतं. एवढ्या एका रचनेनं इथल्या घासाघिशीला वेगळाच डौल येतो. चाकवत, आंबट चुका, अळू, राजगिरा अशा पालेभाज्या एकाच ओट्यावर मिळण्याची ठिकाणं पुण्यात आता फार उरलेली नाहीत. हरतालिकेला पत्री, दसऱ्याला झेंडू, नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी कारीट हे सगळं बाहेरच्या फूटपाथवर असतं. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला, तरी मंडईचं मंडईपण गेलं नाही.

पण मला या इमारतीचं वेड लागलं ते भाजीमुळं नाही. वेड लागलं ते तिच्या नावामुळं. ती बांधायला ज्यांनी विरोध केला, त्यांचंच नाव आज तिच्यावर आहे.

मंडई होण्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे. नगरपालिकेनं नवी इमारत बांधायचं ठरवलं. आराखडा वॉल्टर ड्यूकॅट यांचा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांचं. 5 ऑक्टोबर 1886 रोजी गव्हर्नर लॉर्ड रे यांनी उद्घाटन केलं आणि इमारतीला ‘रे मार्केट’ हे नाव पडलं. इथवरची हकीकत कुठल्याही माहितीपुस्तकात सापडते. खरी गोष्ट आहे ती त्याआधी सभागृहात झालेल्या वादाची.

जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. मंडईवर लाखांनी रुपये घालायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी आणि हरी रावजी चिपळूणकरांनी विरोध केला. हा पैसा आधी गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचं म्हणणं. हे चिपळूणकर म्हणजे निबंधमालाकार विष्णुशास्त्री नव्हेत. हे जोतीरावांचे श्रीमंत स्नेही. 1888 मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली ती यांनीच, आणि तिथं जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले, हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. यजमान कोण होते, हे मात्र कुणी सांगत नाही. दागदागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांवरून देशाची पारख करू नका, खेड्यात जाऊन बघा, असं राजपुत्राला तोंडावर सांगणारा मित्र ज्यानं आपल्या घरी बोलावला, त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. नगरपालिकेतही तो जोतीरावांच्या बाजूनं उभा राहिला होता.

मंडईच्या वादात निदान ही सोबत होती. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागताला हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा 32 नियुक्त सदस्यांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिलं. दोन्ही वेळी मुद्दा एकच: पैसा पालिकेचा, मग आधी हक्क कुणाचा?

जोतीरावांना बाजार कळत नव्हता, असं कुणी म्हणू नये. 19 ऑक्टोबर 1882 रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदन मी पुनःपुन्हा वाचतो, आणि दर वेळी स्वाक्षरीपाशी थांबतो. नावाखाली त्यांनी स्वतःची ओळख दिली आहे ती व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी. पत्ता पेठ जुनागंज. शाळा काढल्याचा उल्लेख निवेदनात आहे, पण ओळख सांगताना व्यापार आणि शेती आधी. बांधकामाला लागणारा माल पुरवणं हा त्यांचा धंदा होता आणि मांजरीला शेती होती. निवेदनात मागणी केली आहे ती किमान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्यावं, ही. मंडईला विरोध करणारा माणूस भाजी पिकवणारा होता आणि दगड-चुन्याचा हिशेब जाणणारा होता. म्हणून त्या विरोधाला वजन आहे. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शहरात माल आणणाऱ्या शेतकऱ्यावरच्या जकातीचं गाऱ्हाणं आहे. ते वाचून मंडईत आलं की ओट्यावरची जुडी निराळी दिसते.

इमारत देखणी आहे, टिकाऊ आहे, आजही कामाला येते. म्हणून जोतीराव चुकले, असं म्हणणं मला पटत नाही. इमारत चांगली झाली, पण त्यांनी विचारलेला प्रश्न मिटला नाही.

पुढं हा वाद पुतळ्यांवर आला. 22 जुलै 1924 रोजी मंडईत लोकमान्यांच्या पुतळ्याचं अनावरण मोतीलाल नेहरूंनी केलं. लगेच 1925 मध्ये केशवराव जेध्यांनी नगरपालिकेत फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला आणि पुणं पेटलं. दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ त्याच धामधुमीतलं. त्यावर बदनामीचा खटला झाला, शिक्षा झाल्या, आणि 1926 मध्ये अपिलात डॉ. आंबेडकरांनी वकिली करून आरोपींना सोडवलं. 1930च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांनी पुढाकार घेतला आणि रे मार्केट महात्मा फुले मंडई झालं. अत्र्यांच्या हातून पुण्यासाठी झालेल्या कामांत मी हे वरच्या रांगेत धरतो.

बाकी परिसराचं थोडक्यात सांगतो. तुळशीबागेत राममंदिराच्या आसपास पितळेची भातुकली मिळते, ती घ्यावी. तिथंच श्रीकृष्ण भुवनची मिसळ आहे. सकाळी गेलेलं बरं. बुरूड आळीत सुपं, टोपल्या, रोवळ्या अजून हातानं विणतात. तिथं घासाघीस करू नये. मंडईतला शारदा-गजानन उत्सवाबाहेरही बघण्याजोगा. सप्टेंबर 2024 पासून भुयारी मेट्रोचं स्टेशनही मंडईलाच आहे, त्यामुळं गाडी लावायची विवंचना संपली.

मिसळ झाली की चालत गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत जावं. वाट पेठांतूनच जाते. फुलेवाड्यात तो हौद आहे, जो जोतीरावांनी 1868 मध्ये अस्पृश्यांना खुला केला. मागच्या अंगाला समाधी आहे. मिठात पुरावं, अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी खड्डाही आधीच खणून ठेवला होता. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते गेले, तेव्हा वस्तीत दफनाला परवानगी नाकारली ती याच नगरपालिकेनं. म्हणून दहन झालं आणि अस्थी तिथं ठेवल्या गेल्या. माहितीफलक वाचायला अर्धा तास लागतो. पाहुण्याला गाडी पकडायची घाई असेल, तर तुळशीबाग पुढच्या खेपेला ठेवावी, वाडा नाही.