अँटिव्हायरसने कॉम्प्युटर मंदावतो तो नेमका कुठे?

विंडोज १० किंवा ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो आणि बहुतेक घरांना तो पुरतो, असं माझं मत आहे. वेग खातो तो अधूनमधून होणारा पूर्ण स्कॅन नव्हे, तर प्रत्येक फाइल उघडताना, कॉपी करताना मागे चालणारी तपासणी. त्यामुळे टास्क मॅनेजरमधला रॅमचा आकडा पाहून निवड करण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही संस्था कॉपी करणं, प्रोग्रॅम इन्स्टॉल करणं अशा रोजच्या कामांवर वेग मोजते. निकाल फुकट वाचता येतात. डिफेंडरवरचा ‘फुकटचं ते कमजोरच’ हा आक्षेप आता जुना झाला. जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या संस्थेच्या चाचण्यांत त्याला वर्षानुवर्षं चांगले गुण मिळताहेत. हां, इंटरनेट बंद असताना त्याची पकड ढिली पडते. त्यामुळे इंटरनेटशिवाय सतत अनोळखी पेनड्राइव्ह लावावे लागत असतील तर दुसरं काही घ्या, अगदी आपल्या पुण्याचं क्विक हीलसुद्धा. पण आधी ट्रायल वापरून बघा. विकतचे दोन अँटिव्हायरस मात्र एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात. आणि कॉम्प्युटरमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क असेल, तर वेगासाठी आधी एसएसडी बसवा.