बंधारा बांधला म्हणजे किनारा वाचला?

ज्येष्ठ-आषाढाच्या उधाणात कोकणपट्टीतील एखाद्या गावच्या माडांच्या दोन-चार ओळी मुळांसकट उखडून पुळणीवर आडव्या झाल्या, की पुढचा क्रम ठरलेला असतो : ग्रामपंचायतीचा ठराव होतो, कचेरीत अर्ज जातो, लोकप्रतिनिधी छत्री सावरीत पाहणी करून जातात आणि या साऱ्या खटाटोपातून एकच मागणी निघते की, गावाला धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर व्हावा. मागणी करणाऱ्याच्या दुःखाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आजोबांनी लावलेला माड ज्याच्या डोळ्यांदेखत समुद्राने नेला, त्याला धीराचे शब्द पुरत नाहीत. परंतु ‘बंधारा झाला की किनारा वाचला’ हे जे विधान त्या मागणीच्या मुळाशी असते, आणि गावच्या पारापासून विधिमंडळापर्यंत जे इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की त्याला पुरावा मागणाराच गावद्रोही ठरावा, ते विधान खरे नाही. बंधारा वाचवतो तो आपल्या पाठीमागचा रस्ता, घर किंवा बाग. समोरची पुळण तो वाचवत नाही. पुष्कळदा तिच्या नाशाला तोच हातभार लावतो.

हे समजण्यासाठी पुळणीचे वार्षिक वर्तन ध्यानात घेतले पाहिजे. पावसाळ्यातील उंच आणि पाठोपाठ येणाऱ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात हे सर्वांस दिसते. दिसत नाही ते हे की, ती वाळू पाण्याखाली फार दूर न जाता थोड्याच अंतरावर उंचवट्याच्या रूपाने साचते, पुढच्या लाटा त्या उंचवट्यावर आधीच फुटून दुबळ्या होतात आणि दसरा-दिवाळीनंतर समुद्र निवळला म्हणजे मंद लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून घालतात. आषाढात गुडघाभर खचलेली पुळण मार्गशीर्षात पुन्हा भरलेली पाहूनही जो तिला ‘धुपली’ म्हणतो, त्याने जमाखर्चाच्या वहीतील खर्चाचे पानच तेवढे वाचले आहे. या व्यवहारात मोठ्या वादळासाठी राखून ठेवलेली शिल्लक म्हणजे पुळणीमागची वाळूची टेकाडे, ज्यांवर मर्यादवेल पसरलेली असते. खाचेच्या पानांची आणि जांभळट फुलांची ही वेल पाय अडकणारे रान म्हणून उपटली जाते. वस्तुतः तिच्या जमिनीलगत धावणाऱ्या फांद्यांना पेरापेरांतून फुटणारी मुळेच उडती वाळू धरून टेकाड वाढवीत असतात.

आता या टेकाडाच्या जागी काळ्या दगडांचा बंधारा घातला, तर काय होते? टेकाडातील शिल्लक बंधाऱ्यामागे कोंडली जाते आणि उधाणाच्या वेळी समुद्राला मिळत नाही. लाट पुळणीच्या उतारावर पसरून जिरण्याऐवजी दगडांवर आपटून माघारी वळते आणि त्यांच्या पायथ्याची वाळू उकरून नेते. पायथा पोकळ झाला की दगड खचतात, दगड खचले की दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार होते. रत्नागिरीजवळ मिऱ्या येथील बंधारा पावसाळ्यात ढासळल्याच्या बातम्या रत्नागिरीकरांना नव्या नाहीत. शिवाय प्रत्येक बंधाऱ्याला कोठेतरी शेवट असतोच, आणि ज्या टोकाला तो संपतो तेथून पुढच्या असंरक्षित जमिनीला पूर्वीपेक्षा जास्त मार बसतो, म्हणून शेजारच्या गावाचा अर्ज पुढच्याच वर्षी कचेरीत दाखल होतो. एका बंधाऱ्याने दुसऱ्याची गरज निर्माण करावी आणि त्या गरजेलाच बंधाऱ्याच्या यशाचा पुरावा मानावे, या तर्कशास्त्रापुढे हात टेकावे लागतात.

वाळूच्या वाटेत दगड घातले म्हणजे काय होते, याचा एक जुना दाखला मद्रासचा आहे. तेथे 1876 साली बंदराचे काम सुरू झाले आणि समुद्रात घातलेल्या लाटरोधक भिंतींनी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारी वाळू अडवली. दक्षिणेस साचलेल्या वाळूतून आज प्रसिद्ध असलेला मरीनाचा विस्तीर्ण किनारा घडला. उत्तरेस रोयापुरमची बाजू मात्र त्या वाळूला मुकून झिजत राहिली आणि तेथील मच्छीमार वस्त्यांपुढे दगड टाकीत जाणे हा पुढे कायमचा उद्योग होऊन बसला. मरीनावर हवा खाणाऱ्यांना या दुसऱ्या बाजूची वार्ता क्वचितच असते. पुदुच्चेरीनेही 1980 च्या दशकाअखेरीस बंदरासाठी तशाच भिंती घातल्या आणि नगरातील वाळूचा किनारा गमावून त्याच्या जागी दगडांची रास पत्करली. तो किनारा अंशतः परत आला तो राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली कृत्रिम खडक बसवून वाळूला थांबण्यास जागा दिली तेव्हा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वाळूचा प्रवास इतका एकमार्गी नाही. कोकणातील बहुतेक पुळणी दोन डोंगरी टोकांमध्ये अडकलेल्या असून तिथली वाळू बव्हंशी त्याच उपसागरात फिरत राहते. म्हणूनच येथे ती बंधाऱ्यामागे कोंडणे किंवा खाडीतून उपसणे अधिक महाग पडते, कारण बाहेरून भरपाई व्हायची नसते.

येथवर ऐकून घेतल्यावर समोरचा गृहस्थ हमखास हॉलंडचे नाव काढतो. ज्या देशाने भिंती बांधून समुद्राला मागे हटवले, त्याचे अनुकरण आपण का करू नये? कारण तो देश स्वतःच आज उघड्या किनाऱ्यासाठी ती रीत वापरत नाही. खाड्यांची मुखे आणि सखल मुलूख यांसाठी डचांचे बांध प्रसिद्ध आहेत हे खरे; परंतु खुल्या समुद्राकडील त्यांचे मुख्य संरक्षण वाळूच्या टेकड्यांचे आहे, आणि 1990 पासून किनारारेषा आहे तेथे राखण्यासाठी समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्याला पुरवण्याचे धोरण त्या सरकारने स्वीकारले आहे. 2011 साली हेग शहराजवळ सुमारे 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळूचा एक प्रचंड ढीग त्यांनी मुद्दाम घातला, तो लाटांनी आणि वाऱ्यानेच आजूबाजूला वाटून द्यावा या हेतूने. दाखला हॉलंडचा द्यायचा असेल तर तो पुरता द्यावा.

दुसरा युक्तिवाद घरचा आहे : आमच्या वाडवडिलांनी खारबंदिस्ती केली नव्हती काय? केली होती, आणि शहाणपणाने केली होती. परंतु खाजणाचा बांध खाडीच्या आतल्या अंगाला, लाटांच्या माऱ्यापासून दूर असतो. तो अडवतो भरतीचे संथ पाणी, आणि त्याला कोकणात उघाडी, गोव्यात मानस म्हणतात तो दरवाजा ठेवून ओहोटीला आतले पाणी सोडून देण्याची सोय केलेली असते. त्या बांधाची साक्ष उघड्या समुद्रावरील दगडी भिंतीच्या बाजूने काढणे हे न्यायाला धरून नाही.

याचा अर्थ भिंत सर्वत्र निषिद्ध असा मात्र नव्हे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर पुळण राखायची नसून रस्ता राखायचा आहे, तेव्हा तेथील टेट्रापॉड योग्यच आहेत. कोचीजवळ चेल्लानम येथे लाटा थेट घरांत शिरत. तेथे टेट्रापॉडची भिंत झाल्यावर लोकांना विसावा मिळाला. मात्र ते काम जेथे संपले त्याच्या उत्तरेस कण्णमालीचे रहिवासी आमच्याकडेही भिंत आणा म्हणून आंदोलन करू लागले, हेही त्याच हकिकतीत लिहिले पाहिजे. भिंत हा शेवटचा उपाय असून तिची किंमत पुळणीने चुकवायची असते, एवढे मान्य करून जो ती मागेल त्याच्याशी भांडण नाही.

किरकोळ समजुतींचाही निकाल येथेच लावून टाकू. किनारा नियमन क्षेत्राच्या कायद्याने काहीच बांधता येत नाही, असे म्हणतात. 1991 ची मूळ अधिसूचना आणि तिच्या जागी आलेल्या 2011 व 2019 च्या अधिसूचना यांत परवानगीयोग्य कामांची यादीच आहे आणि तीत धूप रोखण्याची कामेही आहेत. सगळा किनारा बुडत चालला आहे, हेही खरे नाही. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राच्या 1990 ते 2018 या काळाच्या पाहणीत देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एकतृतीयांश किनारा झिजत असल्याचे आढळले, एक चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग उलट वाढत होता, आणि महाराष्ट्राचा जवळजवळ दोनतृतीयांश किनारा स्थिर होता. भारताची किनारपट्टी 7516 किलोमीटरवरून एकाएकी 11 हजारांवर गेली ती भूमी वाढल्यामुळे नव्हे, मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर खाडी-वळणे बारकाईने मोजल्यामुळे. दोनशे सागरी मैलांपर्यंतचा समुद्र भारताच्या सार्वभौम हद्दीत येत नाही. 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्याप्रमाणे ती हद्द बारा मैलांची, आणि त्यापुढे दोनशेपर्यंत हक्क आहे तो मासळी, खनिजे आदी संपत्तीचा. कांदळवन म्हणजे पडीक चिखल, ही समजूत मुंबई उच्च न्यायालयाने 2005 पासून दिलेल्या आदेशांनंतरही भराव घालणाऱ्यांच्या फायद्यासाठीच जिवंत राहिली आहे.

किनारा क्षेत्र व्यवस्थापनाचे नकाशे भरतीरेषेसह तयार केले जातात, मसुद्यावर जनतेच्या हरकती मागवल्या जातात, आणि आपल्या राज्यात ते सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाहावयास मिळतात. बंधाऱ्याचा अर्ज सहीसाठी पुढे येईल तेव्हा वाचकांनी आपल्या गावचा नकाशा आधी उघडावा, त्यावर टेकाडे कोठे दाखवली आहेत ते पाहावे, आणि बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात वाळूच्या हालचालीच्या निदान एका पूर्ण वर्षाच्या मोजणीची तरतूद आहे काय, हे पत्तन खात्याला लेखी विचारावे. तरतूद नसेल तर सही करू नये.