पश्चिमेची भिंत

नवं घर बांधताना टाइल्सवर महिनाभर खल होतो, उन्हावर पाच मिनिटंही नाही. पुण्यात 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे सुमारे 48 अंशांवर असतो. 21 जूनला जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेलाच. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. पश्चिमेला नाही. तिथलं ऊन तिरपं, छज्ज्याखालून थेट आत घुसतं, आणि दुपारभर तापलेली भिंत ती उष्णता रात्री खोलीत सोडते. वास्तुशास्त्र काहीही म्हणो, त्या बाजूला जिना किंवा बाथरूम घ्या. निजायची खोली नको. गच्चीला पांढरा चुना मारला तर बरंचसं ऊन परत फिरतं, तेही स्वस्तात. एसी किती टनांचा घ्यायचा हे ठरवण्याआधी आर्किटेक्टला एवढंच विचारा: मे महिन्यात दुपारी चारला ऊन कुठे येईल?